पार्श्वभूमीतील वस्ती आणि पाहणाऱ्याचे ऋण

जुना चित्रपट पाहण्याची एक वेगळी रीत आता रूढ झाली आहे. या रीतीत प्रेक्षकाचे लक्ष नायकाकडे नसते. नायक टॅक्सीतून उतरतो, नायिकेकडे पाहतो, गाणे सुरू होते. प्रेक्षक मात्र त्यांच्या खांद्यामागे दिसणारी चाळीची गॅलरी, कोपऱ्यावरचे इराण्याचे हॉटेल, दूरवरची गिरणीची चिमणी यांकडे पाहत असतो. चित्रफीत थांबवून तो पाटीवरची अक्षरे लावतो, रस्त्याचे वळण ताडून पाहतो आणि अखेर ठरवतो की ही अमुक ठिकाणची वस्ती, आज ती नाही. चेतन आनंद यांचा १९५४ सालचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ स्टुडिओबाहेर, मुंबईच्या रस्त्यांवर चित्रित झाला. त्यामुळे त्याची कथा विसरलेला माणूसही त्यातले रस्ते पाहण्यासाठी त्याच्याकडे परत येतो. अवतार कौल यांच्या १९७४ सालच्या ‘२७ डाउन’मध्ये अपूर्व किशोर बीर यांचा कॅमेरा व्हिक्टोरिया टर्मिनसच्या खऱ्या गर्दीत शिरला. ती गर्दी आता चित्रपटाच्या कथेइतकीच, कदाचित तिच्याहूनही अधिक, मोलाची मानली जाते. पुढचे मागे गेले आणि मागचे पुढे आले.

वरकरणी हा एक निरुपद्रवी छंद वाटतो. परंतु त्यात ज्ञानाचा एक प्रश्न आणि नीतीचा एक प्रश्न असे दोन्ही दडलेले आहेत. जुन्या चित्रफितीत वस्ती ‘सापडते’ म्हणजे नेमके काय होते, हा पहिला. आणि अशी सापडलेली वस्ती पाहणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व टाकते, हा दुसरा. पहिल्याचा निर्णय लागल्याखेरीज दुसरा नीट मांडता येत नाही.

साहित्यकृतीतील वस्ती आणि चित्रफितीतील वस्ती यांच्यातील भेदापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’मधील नाका, नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’मधील कामाठीपुरा किंवा जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मधील गिरणगावातील घर ही सर्व भाषेत घडवलेली स्थळे आहेत. त्यांत जे काही आहे ते कोणीतरी ठेवले म्हणून आहे. लेखकाने दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याचा उल्लेख केला नाही, तर त्या संहितेत ते लुगडे नाही. साहित्यातील तपशील हा नेहमीच निवडलेला तपशील असतो, आणि त्याचा अर्थ त्या निवडीतूनच निष्पन्न होतो. चित्रफितीची गोष्ट निराळी आहे. दिग्दर्शकाने नटाकडे कॅमेरा वळवला, पण भिंगाला नट आणि लुगडे यांत भेद करता येत नाही. चौकटीत जे आले ते सर्व फितीवर उमटले. पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांचे जे वर्गीकरण केले, त्यातील निर्देशक चिन्हाचा हा नमुना आहे. धूर जसा अग्नीचा निर्देश करतो, तशी प्रतिमा ही ज्या वस्तूवरून प्रकाश परावर्तित झाला त्या वस्तूचा निर्देश करते. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्राविषयी लिहिताना याच गोष्टीवर भर दिला होता. छायाचित्र सर्वांत आधी एवढेच सांगते की समोर जे दिसते ते एकदा खरोखर तेथे होते.

निवडीबाहेरचा हा जो अतिरिक्त अंश, तोच हरवलेल्या वस्तीचा शोध शक्य करतो. त्याचे पुराव्याचे मूल्यही याच अनवधानात आहे. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. तेव्हा मुंबईच्या ज्या बाह्यदृश्यात ती रस्त्यावरून धावताना दिसते, ते त्यानंतरचे असू शकत नाही. भिंतीवरचे चित्रपटाचे पोस्टर, दुकानाची पाटी, धूर ओकणारी चिमणी हे सारे साक्षीदार आहेत, आणि आपण साक्ष देत आहोत याची कल्पना नसल्यामुळेच ते विश्वसनीय आहेत.

तथापि या विश्वासाला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की चित्रपटातील सर्वच वस्त्या कधी अस्तित्वात होत्या असे नाही. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) मधील फुटपाथ असंख्य प्रेक्षकांच्या मनात मुंबईचा फुटपाथ म्हणून वसला, परंतु तो स्टुडिओत उभारलेला होता. कॅमेऱ्यासमोर जे होते ते खरोखर तेथे होते हे विधान तेथेही सत्य आहे, फक्त तेथे जे होते ते लाकूड, पुठ्ठा आणि रंग होते. पुढे चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली, २०१९ मध्ये ती जागा विकली गेली आणि तिच्यावर निवासी इमारती आल्या. म्हणजे खोटी वस्ती उभारणारी खरी वास्तू स्वतःच हरवलेल्या स्थळांत जमा झाली. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. भिंग चौकटीच्या आत भेद करीत नाही हे खरे, परंतु चौकट कोठे ठेवायची हे माणूस ठरवतो. मरीन ड्राइव्ह किती वेळा चित्रित झाला आणि शिवडीच्या बीडीडी चाळी किती वेळा, याचा हिशेब कोणी केला तर अनवधानालाही एक भूगोल असतो हे ध्यानात येईल. ज्या वाटेने नायकाची मोटार जाते त्या वाटेवरचे जगच तेवढे फितीवर उरते.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. जुनी चित्रफीत हा पुरावा आहे, पण तो स्वतःहून बोलणारा पुरावा नाही. त्याला प्रश्न विचारावे लागतात. कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते टाळले जातात, येथेच नीतीचा प्रदेश सुरू होतो.

‘हरवलेली वस्ती’ या शब्दप्रयोगाचीच प्रथम तपासणी करणे आवश्यक आहे. मराठीत ‘हरवणे’ हे क्रियापद कर्त्याविषयी विलक्षण उदासीन आहे. किल्ली हरवली असे म्हटले की ती कोणी हरवली हे सांगण्याची गरज उरत नाही. वस्ती हरवली असे म्हटल्याने हीच सोय वस्तीच्या बाबतीतही उपलब्ध होते. ‘काळाच्या ओघात’, ‘काळाच्या पडद्याआड’ ही वृत्तपत्रीय वाक्खंडे तिला हातभार लावतात. परंतु मराठीचे व्याकरण केवळ लपवण्याची सोय करते असे नाही, उघड करण्याचीही सोय त्यात आहे. वस्ती उठते आणि वस्ती उठवतात. माणसे हलतात आणि माणसे हलवतात. घर पडले आणि घर पाडले, या दोन वाक्यांत एका कान्याचे अंतर आहे. त्या एका कान्यात कर्ता उभा असतो. पडण्याला पाऊस पुरतो, पाडण्याला आदेश लागतो.

गिरणगावाचे उदाहरण घ्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही, पण त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे कल्पिले होते. एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. जमिनीवर आधीपासून बांधकाम असेल तो भाग वाटणीतून वगळला गेला आणि उरलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच वाटणी राहिली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य ठरवला. आज परळ-लोअर परळच्या काचेच्या इमारती पाहून आणि जुन्या चित्रपटातील चिमण्या पाहून ‘केवढे बदलले सगळे’ असा जो उद्गार निघतो, त्यात ही तीन वर्षे, १९९१, २००१ आणि २००६, कोठेच नसतात. बदलाला तारखा असतात, नियमांना क्रमांक असतात, निर्णयांवर सह्या असतात. हळहळीला यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते.

येथे स्मरणरंजनावर नेहमीचा आरोप करून थांबणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. हळहळ ही खोटी भावना नाही. ज्याचे बालपण त्या गॅलरीत गेले त्याला ती पुन्हा दिसताना जे वाटते त्याची थट्टा करण्याचा अधिकार समीक्षेला नाही. प्रश्न हळहळीच्या खरेपणाचा नसून तिच्या पर्याप्ततेचा आहे. ज्या क्षणी ती स्वतःलाच पुरेशी समजू लागते, त्या क्षणी चित्रफीत साक्षीदाराची भूमिका सोडून गुंगीच्या औषधाची भूमिका घेते. २०१० सालचा महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ हा ‘अधांतर’वर आधारलेला चित्रपट या संदर्भात लक्षणीय आहे. त्यातील गिरणगाव हे पुन्हा रचलेले आहे, म्हणून पर्सच्या अर्थाने ते संपाच्या काळातील गिरणगावाचे निर्देशक चिन्ह नाही. पण कामगाराच्या घरात संपाने काय केले हा प्रश्न तो विचारतो. उलट एखाद्या जुन्या प्रेमपटातील चिमणी अस्सल असते आणि तरीही मुकी असते. अस्सलपणा आणि सत्य या एकच गोष्टी नव्हेत. पहिला प्रतिमेचा गुण आहे, दुसरे प्रतिमेला विचारलेल्या प्रश्नाचे फळ आहे.

आता पाहिल्या गेलेल्यांकडे वळावे. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट १९८५ मधला. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांना हटवण्याची मोहीम शासनाने हाती घेतली होती. त्याविरुद्धचा, ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे तत्त्व मान्य केले, परंतु रीतसर कार्यवाही करून पदपथ मोकळे करण्याचा अधिकारही महापालिकेला दिला. ‘हमारा शहर’ हा याच काळातील झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीचा चित्रपट आहे. त्यात एक प्रसंग असा की घर नुकतेच पाडले गेलेली एक स्त्री कॅमेऱ्यामागच्या माणसांवरच उलटते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी तुम्ही काय करणार, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही, हे त्याचे प्रामाणिकपण. परंतु तो ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. तो चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येक पिढीकडे सरकतो. आज चाळीस वर्षांनी ती फीत पाहून जो त्या वस्तीचे ठिकाण निश्चित करू पाहतो, त्यालाही ती स्त्री तेच विचारीत असते.

तिच्या प्रश्नातून दिसते की चित्रित होण्यात एक देवाणघेवाण आहे आणि ती विषम आहे. ‘२७ डाउन’मधील गर्दीतल्या माणसांना आपण चित्रपटात आहोत हे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांची अनुमती कोणी घेतली नाही, आणि रस्त्यावरच्या चित्रणात ती घेणे व्यवहार्यही नसते. यात अपराध आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल, परंतु ऋण आहे असे म्हणणे रास्त आहे. अपराधाला शिक्षा असते आणि ऋणाला परतफेड असते. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये रस्त्यावरच्या मुलांनी भूमिका केल्या आणि त्याच १९८८ साली अशा मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट स्थापन झाला. परतफेडीचा तो एक मार्ग. सर्वांना तो साधणार नाही, पण ऋण आहे याची कबुली त्यात आहे. दिग्दर्शकाचे ऋण असे असेल तर प्रेक्षकाचे कोणते, हा प्रश्न उरतो.

त्याच्या उत्तरासाठी मुंबईपासून दूर जावे लागते. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. १९७२ च्या दुष्काळात हा सारा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्या दुष्काळाने मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणून सोडले. टेंभुर्णीसारख्या गावातून त्या साली निघालेले एखादे कुटुंब कल्पावे. त्याचे गावातले मातीचे घर कोणी चित्रित केलेले नाही. मुंबईत त्याने उभारलेले पत्र्याचे घर मात्र एखाद्या चित्रपटात चार सेकंद दिसते, नायकाच्या पाठलागाच्या दृश्यात, मागे. पुढे ते घर पाडले जाते. या कुटुंबाच्या जीवनाचे जेवढे दृश्य प्रमाण जगात शिल्लक आहे तेवढे सारे दुसऱ्याच्या कथेच्या पार्श्वभूमीत आहे, आणि ते त्या कुटुंबाला ठाऊकही नाही. ते चार सेकंद सापडल्याचा आनंद ज्याला होतो तो शहरातला अभ्यासक असतो. ज्याचे ते घर होते त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत.

या कल्पित उदाहरणातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, प्रतिमांचे वाटपही संपत्तीच्या वाटपासारखेच विषम आहे. मुंबईतील वस्ती निदान हरवते तरी, कारण ती एकदा पकडली गेली होती. टेंभुर्णीसारख्या गावाची जुनी आळी पडली तर ती कोणत्याही फितीतून हरवत नाही, कारण ती कोणत्याही फितीत आलीच नव्हती. शोध घेण्याची सुद्धा एक मिरासदारी असते. दुसरी गोष्ट पहिलीच्या विरुद्ध दिशेने जाते. प्रतिमा नाही म्हणून स्मृती नाही असे मुळीच नव्हे. मॉरिस हाल्बवाक्स यांनी दाखवले की स्मृती व्यक्तीच्या डोक्यात एकटी राहत नाही, ती समूहाच्या आणि त्याच्या अवकाशाच्या आधाराने राहते. खेड्यात पडलेल्या वाड्याचा पत्ता आजही त्या वाड्याच्याच नावाने सांगितला जातो, वाळलेल्या झाडाच्या नावाने शेताची खूण सांगितली जाते. वस्तू गेली तरी नाव भाषेत कामावर असते. वस्तीतील माणसे एकत्र राहिली तर त्यांना चित्रफितीची फारशी गरज भासत नाही. वस्ती उठवून माणसे विखुरली की ती स्मृती सांगायला शेजारी उरत नाही. चित्रफितीचे मोल वाढते ते याच टप्प्यावर. म्हणजे ज्या घटनेमुळे चित्रफीत मौल्यवान होते, तीच घटना तिचा खरा वाचक दूर पांगवते.

लॉस एंजेलिसच्या बंकर हिल या भागाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील जुनी घरे पुनर्विकासाच्या नावाखाली पाडली गेली. केंट मॅकेन्झी यांचा १९६१ चा ‘द एक्झाइल्स’ हा चित्रपट तेथे राहणाऱ्या मूळ अमेरिकन तरुणांविषयी होता. तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. थॉम अँडरसन यांनी २००३ मध्ये लॉस एंजेलिसचे चित्रपटांतील दर्शन हाच विषय घेऊन जो निबंधचित्रपट केला, त्यात त्यातील दृश्ये आली, आणि २००८ मध्ये मूळ चित्रपट दुरुस्त होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. अँडरसन यांचे योगदान केवळ जुनी घरे दाखवण्याचे नाही. पार्श्वभूमी पाहताना ती कोणी पुसली हेही विचारले पाहिजे, हा आग्रह त्यांच्या पद्धतीत आहे.

मराठी-हिंदी चित्रपटांच्या बाबतीत या आग्रहाला आणखी एका अडचणीशी सामना द्यावा लागतो. साक्षीदारच मरणाधीन आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निर्माण झाले, त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच, बहुतेक तुकड्यांच्या रूपाने, उरले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले, म्हणजे दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्ध्या शतकाने. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहातील नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. त्या फितींबरोबर किती रस्ते, किती घाट, किती बाजार जळाले याची नोंद कोठेच असू शकत नाही, कारण चित्रपटाची नोंद होते ती दिग्दर्शक, नट आणि कथा यांच्या नावे. मागे दिसणाऱ्या वस्तीचे नाव नोंदवण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो.

प्रेक्षकाच्या ऋणाचे स्वरूप येथे स्पष्ट होऊ लागते. ते भव्य नाही. ‘सापडणे’ आणि ‘ओळखणे’ या दोन क्रियांतील भेदात ते सामावलेले आहे. सापडणे ही शोधकाच्या बाजूची घटना आहे. वस्तू सापडते आणि ती ज्याला सापडली त्याची होऊ पाहते. ओळख मात्र दोन बाजूंनी असते. शिवाय ओळख पटवण्याचा अधिकार ज्याचा परिचय होता त्याचा असतो. शोधक सांगू शकतो की ही गल्ली अमुक रस्त्यावरची. तिसऱ्या जिन्यावर कोण राहत होते, नळाला पाणी किती वाजता येत असे, नोटीस कोणत्या दिवशी लागली, हे जो तेथे राहिला तोच सांगू शकतो. म्हणून सापडलेली चित्रफीत त्या माणसांपर्यंत, ती आज विरारला असोत, गोवंडीला असोत की टेंभुर्णीला परतलेली असोत, पोहोचवणे आणि त्यांची ओळख नोंदवून घेणे हे शोधाचे परिशिष्ट नव्हे, तो शोधाचा उत्तरार्ध आहे. त्यावाचून शोध अपुरा राहतो, नीतीच्या दृष्टीने तर राहतोच, पण ज्ञानाच्या दृष्टीनेही राहतो.

या उत्तरार्धाला पूर्तता मात्र नाही, हेही मान्य केले पाहिजे. ओळख पटल्याने घर परत उभे राहत नाही. ‘हमारा शहर’मधील स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदीने मिळत नाही. तिने घर मागितले होते, स्मारक नव्हे. समीक्षेच्या हाती घर देणे नाही. तिच्या हाती वाक्य आहे. वस्ती हरवली असे न लिहिता ती पाडली असे लिहिणे, कोणी आणि कोणत्या साली हे त्याच वाक्यात सांगणे, आणि पार्श्वभूमीतील माणसाला नाव मिळण्याची शक्यता शेवटपर्यंत मोकळी ठेवणे, एवढे तिला करता येते. एवढे जो करीत नाही त्याला जुन्या चित्रफितीत शहर दिसेल, पण त्या शहराने त्याच्याकडे पाहिलेले त्याला दिसणार नाही.